घडी बाहेरच्या अंगाला

लोणंद स्टेशनच्या रस्त्यावर आक्काची भेळेची गाडी होती. शाळा सुटली की मी गाडीच्या चाकाशी पाठ टेकवून बसायचो, कारण आई कांद्याच्या वखारीतून दिवेलागणीला परतायची. आक्का माझ्या नात्यागोत्याची नव्हती. पण तोपर्यंतची माझी भूक तिनं आपली मानली होती.

तिच्याकडं रद्दीचे दोन गठ्ठे असत. काळ्या छपाईची पानं भेळेला, रविवारच्या पुरवणीची रंगीत पानं बाजूला. "रंग पोटात जातुया लेकरा," म्हणायची आणि ती पानं मला द्यायची. वर्तमानपत्रात खाणं बांधू नका, शाई घातक असते, हे अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2016 साली सांगितलं. आक्काला त्यातलं अर्धं तेव्हाच कळलं होतं. त्या पुरवण्यांतल्या जाहिराती, अक्षरं, रंग पाटीवर उतरवत मी चित्रकलेकडं वळलो. पुढं पुण्यात वेष्टनं रचायचं काम मिळालं, त्याची पहिली शिदोरी ही.

दोन वर्षांपूर्वी दोघं तरुण आले. त्यांना त्तोकबोक्कीसाठी डबी हवी होती. तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या चिवट वड्या, आंबवलेल्या मिरचीच्या गोचुजांगमध्ये रटरटलेल्या. कोरियात शाळेबाहेर पोरं हे कागदी कपात घेऊन काडीनं टोचत खातात. तिथल्या टपऱ्यांवर हिरव्या ठिपक्यांच्या मेलामाइनच्या ताटल्या असतात आणि धुणं टाळायला त्यांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली असते. ठिपके मला फार आवडले. पिशवी मात्र आपल्याकडं नको होती, 2018 च्या राज्याच्या प्लॅस्टिकबंदीनंतर तर नाहीच.

तेल न झिरपणाऱ्या एकाच कागदाची, डिंक न लावता घडलेली डबी करायची असं मी ठरवलं. चार नमुने केले, चारही खालच्या कोपऱ्यातून गळले. लाल रस्सा टेबलभर. पाचव्या वेळी मेंदू थकला होता, हात मात्र चालत राहिले आणि त्यांनी कागदाचा कोपरा कापला नाही, दुमडून बाहेरच्या भिंतीवर चापला. तो गळला नाही. बघत राहिलो. ही घडी माझी नव्हतीच.

लहानपणी वारीची पालखी नीरेवरून लोणंदला मुक्कामी यायची तेव्हा आक्काचा हात रिकामा राहत नसे. गर्दीत मीही पुड्या वळायचो. चिंचेचं पाणी टोकातून ठिबकलं की ती माझा अंगठा धरून दाखवायची: "घडी भायेर. पोटात घडी ठिवली की पानी शिरतं." टोक दोनदा वर दुमडायचं, बाहेर खोचायचं. पुडीचं तोंड ती कधी मिटत नसे. कोंडल्या ओलाव्यानं कुरमुरे सादळतात. पुढं कोरियातल्या बुंगओप्पांगबद्दल वाचलं. मासोळीच्या आकाराचं, आत लाल दाण्याचं गोड पुरण भरलेलं हे खाणं तिथं हिवाळ्यात कागदी पिशवीत मिळतं आणि कुरकुरीत राहावं म्हणून पिशवीचं तोंड उघडंच ठेवतात. वाचता वाचता मला स्टेशनचा रस्ता दिसला.

डबी झाली. हिरवे ठिपके फक्त बाहेरून, आतला कागद कोरा, घड्या बाहेर, झाकण नाही. त्या कामाचे मला पैसे मिळाले आणि शाबासकीही. शाबासकी घेताना मी आक्काचं नाव काढलं नाही. ते मला अजून लागतं.

गेल्या आषाढीच्या आधी डब्या घेऊन लोणंदला गेलो. गाडी आता तिचा नातू चालवतो, आक्का ओट्यावर बसून कांदा चिरते. सगळं सांगितलं, उशिरा का होईना. तिनं डबी हातात घेतली, चिंचेचं पाणी ओतलं, वर धरली आणि कोपऱ्याखालून अंगठा फिरवला. कोरडा निघाला. मग आत डोकावून विचारलं, "रंग भायेरच हाय न्हवं?"

"बाहेरच."

तिनं माझ्याकडून न घडलेला एक कोरा कागद मागून घेतला, मांडीवर पसरला. पहिली डबी वाकडी झाली. दुसरी माझ्याआधी तयार होती, आणि ती न बघता कांदा पुढं ओढत होती.