दोराला हात लावणारे

मालवण शहर मागे टाकून दक्षिणेस निघाले, तारकर्ली ओलांडली, की जमीन हळूहळू निमुळती होऊ लागते. उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदीची खाडी आणि मधोमध माडांनी घट्ट धरून ठेवल्यासारखी वाटणारी वाळूची चिंचोळी पट्टी. या पट्टीवर देवबाग हे गाव वसले आहे. गावात जाण्याचा रस्ता एकच आणि तो गावातच संपतो. पुढे नदी आणि समुद्र यांचा संगम. पलीकडे भोगव्याचा किनारा दिसतो, परंतु तिथे जायचे तर होडी हवी. नाही तर आल्या वाटेने परत फिरून मोठा वळसा घ्यावा लागतो. सह्याद्रीतून निघालेली कर्ली कुडाळच्या परिसरातून वाहत येते आणि समुद्राला मिळण्याआधी बराच अंतर त्याच्या कडेकडेने चालते. जणू एवढ्या प्रवासानंतरही तिला थोडा विचार करायचा असतो.

एके काळी मुंबईकडच्या माणसाला येथवर येणे म्हणजे एस.टी.च्या गाडीत अख्खी रात्र काढणे होते. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे सर्वत्र सुरू झाली आणि कुडाळ जवळ आले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९७ मध्ये, सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता. तारकर्लीच्या स्वच्छ पाण्याची कीर्ती पसरली, शेजारच्या देवबागेतही पाहुणे उतरू लागले. घराच्या पडवीला लागून एक खोली निघाली, मग दुसरी. ‘न्याहरी व निवास’ अशा पाट्या माडांवर लटकल्या. आज गावात फिरताना पाटी नसलेले घर शोधावे लागते.

गेल्या जानेवारीत मी व पत्नी तेथे चार दिवस राहिलो. सहल तर होतीच, परंतु मनात एक काम होते. आमची वसईची वाडी समुद्रापासून फार दूर नाही. वडिलांच्या काळी तिथे पानवेल आणि केळी होती, आता थोडा सोनचाफा आणि बरेचसे गवत आहे. राजोडी, कळंब, अर्नाळा या बाजूस वाड्यांतून रिसॉर्ट उभी राहिलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे असे, की वाडी विकायची नसेल तर तिने आपला खर्च तरी भागवला पाहिजे. म्हणून पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधाव्यात. त्याच्या बोलण्यात तथ्य होते. तेव्हा ज्यांनी हे आधीच केले आहे त्यांचे कसे चालले आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहावे असे मी ठरवले.

आम्ही उतरलो ते घर एका वृद्ध मच्छीमाराचे होते. सगळे त्यांना तात्या म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारले, “तुमी खंयचे?” वसईचे म्हटल्यावर ते हसले. “मगे दर्या तुमका नवो नाय.” तसा तो नवा नव्हता, परंतु ओळखीचाही नव्हता. आपल्याकडे पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव येथील कोळी बांधवांची मुख्य मदार डोलीच्या जाळ्यावर. समुद्रात जाळे रोवायचे, भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात शिरते. बोंबील असा मिळतो. देवबाग-मालवणकडची जुनी मासेमारी मात्र रापणीची. ती करायला पाण्याची ओढ पुरत नाही, माणसांची ओढ लागते.

तिसऱ्या दिवशी सकाळी रापण पाहायला मिळाली. किनाऱ्याजवळ मासळीचा थवा आला की पाण्याचा रंग बदलतो, वर सीगल घिरट्या घालू लागतात. जाणत्याने खूण केली की होडी निघते. जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात असते. होडी जाळे सोडत सोडत समुद्रात अर्धवर्तुळ काढते आणि थोड्या अंतरावर दुसरे टोक घेऊन पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन तुकड्या दोन्ही टोके ओढू लागतात. जाळे शेकडो मीटर लांब, वर पाण्याचे वजन. हे काम चारदोघांचे नव्हे, त्याला तीस-चाळीस माणसे लागतात. ओढता ओढता दोन्ही तुकड्या किनाऱ्यावरून एकमेकींकडे सरकत येतात, वर्तुळ लहान होत जाते आणि अखेरीस जाळ्याची मधली झोळी वाळूवर येते.

आम्ही उभे होतो तेवढ्यात तात्यांनी मला दोराकडे बोट दाखवले. मी चप्पल काढून मागच्या बाजूस उभा राहिलो. माझ्यापुढे गावातील एक शाळकरी मुलगा होता, मागे पुण्याहून आलेले एक गृहस्थ. ओला दोर तळहाताला सोलत होता. पाऊण तासाने झोळी वर आली. तीत तारली होती, काही बांगडे, थोडे पेडवे आणि दोन लहान मोऱ्या. एवढ्या माणसांच्या श्रमांना ते थोडेच होते, परंतु कोणी तोंड वाकडे केले नाही. वाटे पडू लागले. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. एका बाईंनी माझ्याही पुढ्यात पाच-सहा बांगडे ठेवले. मी नको नको म्हणू लागलो तेव्हा तात्या म्हणाले, “जो दोराक हात लावतलो तेका वाटो.” त्या दिवशी दुपारी त्याच बांगड्यांची तिरफळे घातलेली आमटी आम्ही जेवलो. सुट्टीवर आलेल्या माणसाला विकत न घेता मिळालेले असे जेवण क्वचितच लाभते.

जुने लोक सांगतात, की याच किनाऱ्यावर रापणीला इतकी मासळी लागे की ती वाहून नेता नेता दिवस मावळे. आता तसे दिवस विरळ झाले आहेत. याची कारणे समुद्रात आहेत आणि माणसांतही. पर्ससीन नावाचे जाळे मासळीच्या संपूर्ण थव्याला घेरते आणि खालून आवळले जाते. थवा किनाऱ्याशी येण्याआधीच उचलला गेला तर रापणीच्या वाट्याला काय उरणार? रात्री प्रखर दिवे लावून मासळी गोळा करण्याची रीतही आली. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले आणि तिला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत ठेवली. दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ मध्ये केंद्र सरकारने बंदी आणली. नियम झाले, परंतु समुद्रावर पहारा ठेवणे सोपे नाही. पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौकावाले यांच्यातील कलह मालवणच्या किनाऱ्यावर वारंवार पेटत आला आहे. त्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मोठ्या जाळ्यालाही माणसे लागतात, परंतु किनाऱ्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हात लावू देत नाही. त्यामुळे त्याला त्याचा वाटाही द्यावा लागत नाही.

दुसरीकडे पाहुण्यांची मिळकत आली. तिच्याविषयी नाक मुरडणे मला पटत नाही. तात्यांच्या थोरल्या मुलाने मुंबईची नोकरी सोडून गावी येऊन दोन खोल्या बांधल्या, नातवंडे गावच्या शाळेत शिकली, सून आपल्या स्वयंपाकाच्या जोरावर घर चालवते. ज्या कोकणाने पिढ्यानपिढ्या आपली तरुण माणसे गिरणीला आणि गोदीला दिली, तिथे एक मुलगा परत येणे ही लहान गोष्ट नव्हे. होड्या आता डॉल्फिन दाखवायला, संगमावर न्यायला, खाडीतल्या वाळूच्या बेटावर सोडायला जातात. ज्यांना हौस आहे त्यांना खाडीत गरी टाकायला नेतात. तांबोशी किंवा गोबरा लागला तर पाहुणा फोटो काढतो, शेवटा लागला तरी त्याला आनंद होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली बुडी मारून प्रवाळ पाहणाऱ्यांची रीघ असते. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये ज्याचे बांधकाम सुरू करविले त्या किल्ल्याच्या सावलीत आज शहरातली मुले पोहायला शिकतात, यात वाईट काही नाही.

तरीही संध्याकाळी पडवीत बसल्यावर तात्या जे बोलले ते माझ्या मनातून जात नाही. “पयले दर्या पोसायचो, आता पावणे पोसतत. पण पावणो सुटीक येता, दर्या रोज येता.” २०२० च्या टाळेबंदीत एकही पाहुणा आला नाही. खोल्यांना कुलपे लागली. तेव्हा घरातल्या मुलांनी पुन्हा जाळी हाती घेतली आणि चूल पेटती राहिली. दुसऱ्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. माड पडले, पत्रे उडाले, समुद्राचे पाणी अंगणात आले. दर्या रोज येतो याचा हा दुसरा अर्थ.

कारण देवबाग ज्यावर उभे आहे ती वाळू कोणाच्या मालकीची नाही. पावसाळ्यात समुद्र ती ओढून नेतो, हिवाळ्यात पुष्कळशी परत आणून टाकतो, आणि नदीच्या मुखाशी तर तिची जागा सतत बदलत असते. आपण तिच्यावर पक्के घर बांधतो तेव्हा ती स्थिर राहावी अशी अपेक्षा धरतो. ती सरकू लागली की दगडांचा बंधारा मागतो. बंधारा घरे वाचवतो, हे खरे. परंतु लाटेचा जोर नाहीसा होत नाही, तो बंधारा जिथे संपतो तिथल्या वाळूवर जाऊन पडतो. मग तिथल्या शेजाऱ्यालाही बंधारा हवा होतो. आणि दगड रचलेल्या किनाऱ्यावर रापण ओढता येत नाही. तिला पाय रोवायला मऊ, उतरती, मोकळी वाळू लागते. होड्या ठेवायला जागा, जाळी सुकवायला जागा, दोर धरून मागे मागे सरकायला जागा. कुंपणे आणि आरामखुर्च्या समुद्राकडे सरकतात तसतशी ही जागा आखडत जाते. किनारा मोकळा दिसतो म्हणून आपण त्याला रिकामा समजतो. वास्तविक ते गावाचे अंगण असते.

१९८७ मध्ये मालवणच्या समुद्रात सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला होता. बाहेरून पाहणाऱ्याला तो विरोध अडाणीपणाचा वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यांनी समुद्राला कधी कुंपण घातले नाही, त्यांना कोणीतरी दूर बसून त्याच्यावर रेघ ओढतो याचे भय वाटणे स्वाभाविक होते. रेघ चांगल्या हेतूने ओढलेली असू शकते. ती ओढताना तिथल्या माणसाला विचारले होते का, एवढाच त्याचा प्रश्न असतो. वसईकरांना हा प्रश्न नवा नाही. आपल्या हिरव्या पट्ट्यावरही पुष्कळ रेघा ओढल्या गेल्या आणि त्यांविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो.

घरी आल्यावर भावाने पहिला प्रश्न विचारला, “काय रे दादा, चालतं का तिकडे?” मी म्हटले, चालते. चांगले चालते. खोल्या बांधायला माझी हरकत नाही, हे मी त्याला त्याच रात्री सांगितले. मग त्याने नकाशा उघडला. चार खोल्या, मधे हौद, आणि वाडीभोवती सहा फुटी भिंत. आमच्या वाडीच्या कडेने एक पायवाट समुद्राकडे जाते. सातबाऱ्यावर तिची नोंद नाही. परंतु पलीकडच्या आळीतली माणसे तिने किनाऱ्यावर जातात, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन येणारी मावशी त्याच वाटेने आमच्या ओटीवर येते, आणि आई तिला पाणी दिल्याशिवाय कधी भाव विचारीत नसे. नकाशातल्या भिंतीत त्या वाटेला दार नव्हते.

भावाचे म्हणणे, पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी भिंत हवी. तेही खोटे नाही. रात्री अपरात्री कोण येईल, जबाबदारी कोणाची, हे प्रश्न त्यालाच सोडवायचे आहेत, मला नव्हे. मी त्याला रापणीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “तिथे सगळे मिळून ओढतात म्हणून वाटा मिळतो. इथे ओढायचं आपणच.” मी म्हटले, ती मावशी, ती आळी, विहिरीचे पाणी आटले तेव्हा आपल्याला पाणी देणारे शेजारी, यांनी इतकी वर्षे काय केले मग? त्यांनी आपल्या वाडीच्या दोराला हात लावलाच की. त्यांचा वाटा फार मोठा नाही. चार फूट रुंदीची वाट, एवढाच.

त्याने पेन्सिलीने नकाशावर वाटेच्या जागी दोन तुटक रेषा काढल्या. त्या अजून पेन्सिलीच्याच आहेत. पाऊस सरल्यावर कामाला हात लावायचा आहे, तोवर त्या पक्क्या करायच्या की पुसायच्या हे ठरेल. आम्ही दोघे भाऊ दोराची दोन टोके धरून उभे आहोत. रापणीत दोन तुकड्या एकमेकींकडे सरकल्या नाहीत तर जाळे मिटत नाही आणि मासळी मधल्या मध्ये निसटते, एवढे मी देवबागच्या वाळूत उभा राहून पाहिले आहे. एक पाऊल मी खोल्यांना होकार देऊन टाकले. पुढचे त्याचे.