कोंभाळण्याचे बीजभांडार

वाचकहो, महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई पाहण्याचा योग आला, तर त्याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे या लहानशा गावीही अवश्य जावे. अहिल्यानगर जिल्ह्याचा हा भाग सह्याद्रीच्या कुशीत वसला आहे. पावसाळ्यात येथील डोंगर धुक्यात बुडून जातात. प्रवाशाला रमणीय वाटणारी ही दमट हवा शेतकऱ्याच्या घरातील बियाण्याची मात्र वैरीण होय.

अशा या गावात महादेव कोळी समाजातील श्रीमती राहीबाई सोमा पोपेरे यांनी देशी वाणांचे बीजभांडार उभे केले. या कामी त्यांना 'बायफ' या संस्थेचे साहाय्य लाभले. कधीही शाळेत न गेलेल्या या शेतकरी स्त्रीचा २०२० साली पद्मश्री पुरस्काराने गौरव जाहीर झाला.

बी राखण्याची रीत साधी असली, तरी तीत हयगय चालत नाही. प्रथम पीक उभे असतानाच निरोगी, भरदार झाडे निवडून ठेवावयाची. त्यांचे बी पूर्ण पक्व झाल्यावर काढून चांगले वाळवावयाचे. दाणा दाताखाली 'कट्' असा तुटला तर वाळला. दबला तर त्यात ओल आहे असे समजावे. मग कोरडी, चाळलेली राख मिसळून बी मडक्यात भरावयाचे आणि तोंड लिंपून मडके गार, अंधाऱ्या जागी ठेवावयाचे. राख ओल शोषून घेते, दाण्यांमधील फटी भरून काढते आणि भुंग्याची हालचाल रोखते. वालासारख्या कडधान्यांना या भुंग्याचे भय फार. बियातील ओलावा एका टक्क्याने घटला, तर त्याचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते, असा शास्त्रज्ञांचाही ठोकताळा आहे.

तथापि, कितीही जपले तरी बी म्हातारे होतेच. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत ते उणे १८ अंश सेल्सियस तापमानात दीर्घकाळ टिकते. परंतु दोन एकरांच्या धन्याने ती थंडी कोठून आणावी? त्याला दर एक-दोन वर्षांनी बी पुन्हा मातीतच घातले पाहिजे. शिवाय, एखादा वाण गावात एकाच घरी उरला असेल आणि त्या घरचे मडके एका पावसाळ्यात ओलावले, तर पिढ्यान्‌पिढ्यांचा तो वाण कायमचा नाहीसा होतो. बाजारात पैसे देऊनही तो परत मिळत नाही.

कोंभाळण्याच्या भांडाराची रीत या दृष्टीने मोलाची आहे. येथून बी नेणाऱ्याने पीक आल्यावर दुप्पट बी परत करावे, असा दंडक आहे. त्यामुळे भांडार भरते आणि तोच वाण अनेक शिवारांत नांदतो. एका घरचे बी बुडाले, तरी दुसऱ्या घरी ते सापडते.

आपण कोणत्याही प्रांतात राहत असा, घरच्या बियाण्याची परीक्षा पेरणीपूर्वी अवश्य घ्या. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठवड्याने कोंब मोजा. ऐंशीहून अधिक उगवले तर निश्चिंत मनाने पेरा. आणि त्यातले ओंजळभर बी शेजाऱ्याच्या घरी आठवणीने पोचवा.