हरवलेले पाच फूट

जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि बेंगळुरूहून पेडण्याला जाणे सोपे झाले. म्हणून मागच्या चवथीला आठवडाभर आधीच गावी पोहोचलो. पावसात मूळ घराची मागची पडवी खचली होती. या घरातला हा शेवटचा गणपती, मग पाडूया, असे काका म्हणाले. निदान नोंद तरी राहावी म्हणून मी टेप आणि वही घेतली.

गोव्यातली जुनी घरे म्हटली की आपल्याला साष्टीतले बाल्कांव आणि शिंपल्यांच्या खिडक्या आठवतात. पेडणे मात्र पोर्तुगिजांकडे गेले ते १७८८ मध्ये. त्याआधी इथे सावंतवाडीकरांचा अंमल होता. त्यामुळे इथली शेतकऱ्यांची घरे सिंधुदुर्गातल्या घरांची सख्खी भावंडे वाटतात. चिऱ्याचा चौथरा, मातीच्या जाड भिंती, नळ्यांचे छप्पर; पुढे खळे आणि तुळस, आत ओसरी, माजघर, देवघर, मागे न्हाणी आणि गोठा.

डिचोली तालुक्यात नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळावर शिवाजी महाराजांनी केलेल्या जीर्णोद्धाराचा १६६८ चा शिलालेख आहे. शेतकऱ्याच्या घराला असा लेख नसतो. त्याचा लेख म्हणजे मोजमापे आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी.

आधी घर बाहेरून मोजले, मग एकेक खोली, तिचे दोन्ही कर्ण, भिंतींची जाडी. पलीकडे चुलतकाकांच्या भागातही मोजले. खोल्यांना घरातली माणसे म्हणतात तीच नावे लिहिली. रात्री लॅपटॉपवर आराखडा काढला, तर बाहेरची लांबी आतल्या बेरजेपेक्षा पाच फूट जास्त! कोडमधला बग शोधावा तसे सकाळी पुन्हा मोजले. पाच फूट गायबच.

"मोजून काय मेळतला रे तुका?" असे दोन दिवस विचारणारी आजी आराखडा पाहून गप्प झाली. मग माजघराच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाली, ह्याच्यामागे भाताची कोठी आहे. आजोबा आणि त्यांचे भाऊ वेगळे झाले, कोठी कोणाची यावर जमेना, तेव्हा दोन्हीकडची दारे बुजवली. चुली दोन झाल्या, गणपती मात्र एकच राहिला.

त्या संध्याकाळी आराखडा घेऊन चुलतकाकांकडे गेलो. ते बराच वेळ बघत राहिले, मग स्वतःच टेपचे दुसरे टोक धरून आपल्या बाजूची भिंत मोजायला उठले.

घर पाडायचे की दुरुस्त करायचे, हे अजून ठरलेले नाही. सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. पण एक ठरले आहे. नवे घर झालेच, तर माटोळी बांधायची खोली आहे त्याच मापाची ठेवायची आणि गणपती एकच आणायचा. कोठीचे काय, ते पुढच्या चवथीला बोलू.

तुमचे मूळ घर अजून उभे असेल, तर सुट्टीत जाताना एक टेप न्या. आणि मोजताना आजीला जवळ बसवा.