लालबागचे पिवळे झाड

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुंबईला काकांकडे गेलो होतो. काका लालबागला चाळीत राहतात. निघताना आजी म्हणाली, "कुठे बहावा दिसला तर खाली पडलेल्या दोन शेंगा आण रे." आमच्या गावचा बहावा रस्ता रुंद करताना तोडला. पोट साफ होण्यासाठी आजी त्याच्या शेंगेतला गर औषध म्हणून द्यायची. आता तिच्या फडताळात एकच शेंग उरली आहे.

चाळीसमोर एक मोठे झाड होते. खाली पिवळ्या फुलांचा नुसता सडा पडला होता. काका म्हणाले, "हा घे तुझा बहावा!" पण मला काही पटेना. बहाव्याचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. या झाडाचे तुरे आभाळाकडे उभे होते. बहाव्याची पाने मोठी, याची गुलमोहरासारखी बारीक बारीक. कळ्या तर गंज चढल्यासारख्या तपकिरी. बहाव्याची शेंग हातभर लांब, गोल आणि पिकली की काळी होते. ही शेंग बोटाएवढी, चपटी आणि तांब्याच्या रंगाची होती. शेजारचे आजोबा म्हणाले, "हा पिवळा गुलमोहर." आता खरे नाव कुणाला विचारायचे?

दुसऱ्या दिवशी काकांनी मला भायखळ्याला राणीच्या बागेत नेले. ही बाग १८६२ साली सुरू झाली. तिचे आताचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तिथे झाडांना नावांच्या पाट्या आहेत. खिशातली शेंग काढून मी एकेक झाड पाहत गेलो. शेवटी तसेच झाड सापडले. पाटीवर नाव होते, पीतमोहर! पीत म्हणजे पिवळा. हे झाड मूळचे श्रीलंका, अंदमान, मलेशिया या बाजूचे. सावलीसाठी आणि शोभेसाठी ते रस्त्याकडेला लावतात. मग परळला, दादरला जाताना बसच्या खिडकीतून मला सारखे पीतमोहरच दिसू लागले.

घरी आल्यावर आजी म्हणाली, "नीट बघितलेस ते बरे केलेस बाबा. भलत्याच झाडाची शेंग औषधाला घेतली असती तर?"

आजीने तिची शेवटची शेंग शाळेला दिली आहे. बहाव्याचे बी फार टणक असते. ते घासून पाण्यात भिजवायचे, असे गुरुजींनी सांगितले. पावसाळ्यात आम्ही शाळेमागे बहावा लावणार आहोत. तोपर्यंत दोन्ही शेंगा चौथीच्या खिडकीत ठेवल्या आहेत. मित्रांनो, हात लावून बघा. पालकांनीही जरूर पाहाव्यात.

— इयत्ता ४ थी