दोन नोकऱ्यांच्या मधले पाच महिने

२०१८ च्या दिवाळीत मी तोक्योतल्या माझ्या खोलीत ऑफिसचा कोट घालून बसले होते. कोटाखाली घरातला पायजमा होता. सांगलीहून अण्णांचा व्हिडिओ कॉल यायचा होता आणि मी नुकतीच कामावरून आलेय असं त्यांना दिसायला हवं होतं. कामावर जाणं तर ३० सप्टेंबरलाच थांबलं होतं.

बी.ए. झाल्यावर मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला आणि पुण्यात जपानी शिकले. त्या भाषेच्या जोरावर तोक्योत एका भाषांतर कंपनीत नोकरी लागली. करार वर्षावर्षाचा. यंत्रांची माहितीपुस्तकं जपानीतून इंग्रजीत आणायची. तीन वर्षं बरी गेली. मग एके दिवशी साहेबांनी अगदी मऊ आवाजात सांगितलं की, करार पुढे वाढवता येणार नाही. ते इतक्या वेळा वाकले की शेवटी मीच त्यांची समजूत घालून बाहेर आले!

आपल्याकडे नोकरी सुटली तर माणूस चार दिवस गावी जातो, ओळखीपाळखीत शब्द टाकतो. परक्या देशात पहिला प्रश्न पोटाचा नसतो. इथे राहता येईल का, हा असतो. जपानमध्ये नोकरी सुटल्यापासून १४ दिवसांच्या आत इमिग्रेशनला कळवावं लागतं. सबळ कारणाशिवाय तीन महिने आपल्या परवान्यात बसणारं काम केलं नाही, तर परवाना रद्द होऊ शकतो. माझ्या कार्डाची मुदत तशीही एप्रिल २०१९ ला संपणार होती.

त्यातल्या त्यात एक गोष्ट बरी होती. माझा परवाना कामाच्या प्रकारावर होता, एका मालकाला बांधलेला नव्हता. त्यामुळे नवी नोकरी शोधता शोधता भाषांतराची सुटी कामं, म्हणजे फ्रीलान्सिंग, करता येणार होतं. अमेरिकेत एच-१बी वर असलेल्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "नशीबवान आहेस!" तिचा परवाना मालकाच्या नावाशी जोडलेला. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस, आणि मध्ये सुटी कामं घ्यायची सोयच नाही.

नशीबवान होते खरी, पण पैसे कुठे होते? तिकडची रीत अशी की महिनाअखेरीस बिल द्यायचं आणि त्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीला मिळायचे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री जागून केलेल्या कामाचे पैसे नोव्हेंबर संपताना खात्यात आले. तेही पूर्ण नाहीत. भाषांतराच्या मोबदल्यातून १०.२१ टक्के कर आधीच कापून घेतात. ६०,००० येनच्या बिलाचे हातात ५३,८७४ आले. जादा कापलेला कर फेब्रुवारी-मार्चमध्ये विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकतो, पण घरभाडं फेब्रुवारीपर्यंत थांबत नाही.

सगळ्यात जास्त दणका दिला तो रहिवासी कराने. हा कर आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर असतो, साधारण दहा टक्के. पगार चालू असताना तो परस्पर कापला जातो, त्यामुळे जाणवत नाही. नोकरी सुटली आणि त्याची पावतीपुस्तिका थेट माझ्या टपालपेटीत आली. कमाई यंदाची बुडालेली, कर मात्र गेल्या वर्षीच्या पगारावर! तो चुकवणंही परवडणारं नव्हतं, कारण परवाना वाढवताना तो भरल्याचा दाखला मागतात. त्या महिन्यात मी भात आणि अंडी एवढ्यावर भागवलं, पण तो हप्ता भरला.

वॉर्ड ऑफिसातल्या बाईंची मात्र आठवण ठेवलीच पाहिजे. कंपनीचा आरोग्य विमा आणि पेन्शन संपल्यावर सरकारी योजनांत नाव घालायला १४ दिवसांत तिथे जावं लागतं. पेन्शनचा हप्ता महिना १६,३४० येन ऐकून माझा चेहरा उतरला असावा. बाईंनी न विचारताच दुसरा अर्ज पुढे सरकवला आणि सोप्या जपानीत सांगितलं, "नोकरी सुटलेल्यांना माफी मागता येते. इथे सही करा." सरकारी कचेरीत असं कोणी आपणहून सांगेल ही मला अपेक्षा नव्हती. बाहेर येऊन मी जिन्यात बसून रडले.

मी निशिकासाईत राहत होते. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे कोणाची नोकरी सुटली हे लपत नाही. ओळखीच्या एका हॉटेलवाल्यांनी विचारलं, "संध्याकाळी चार तास ये. वाढायचं, भांडी आवरायची. रोजचे पैसे रोज, रोख. कोण बघतंय?" बोलणं मायेचंच होतं. पण माझ्या परवान्यात भाषांतर बसत होतं, दुभाषाचं काम बसत होतं, भाषा शिकवणं बसत होतं, ताटं उचलणं बसत नव्हतं. पकडले गेले असते तर तीन वर्षांची कमाई पुसली गेली असती. खोटं कशाला बोलू, डिसेंबरच्या एका संध्याकाळी मी त्यांच्या दारापर्यंत गेले होते. काचेतून आत पाहिलं, गर्दी होती. पाच मिनिटं थंडीत उभी राहिले आणि परत फिरले. तो धीर होता की भीती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कामं मिळत गेली, पण माणसांत मी कुठे मोडते ते कळेना. जपानमध्ये पहिल्या भेटीत दोन्ही हातांनी कार्ड द्यायचं असतं. मी नुसतं नाव आणि फोन नंबर असलेली शंभर कार्डं छापून घेतली. समोरचा माणूस कार्ड घ्यायचा, वाचायचा आणि हळूच उलटून पाहायचा. कंपनीचं नाव मागे असेल, असं त्याला वाटायचं. मागची बाजू कोरी!

आज तिथे फ्रीलान्स काम करणाऱ्यांसाठी वेगळा कायदा आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाला. कामाच्या अटी लेखी द्यायच्या आणि मोबदला ६० दिवसांच्या आत चुकता करायचा, असं त्यात आहे. मला डिसेंबरात ज्यांनी "पाठवतो, पाठवतो" करत मार्च उजाडवला, त्यांची तेव्हा हटकून आठवण झाली.

जानेवारीत दोन मुलाखती फसल्या. तिसरी जमली. १ मार्च २०१९ पासून रुजू व्हायचा करार हातात आला, त्याच आठवड्यात मी शिनागावाच्या इमिग्रेशन कार्यालयात नंबर घेऊन बसले. करार, कराचे दाखले, पाच महिन्यांच्या बिलांच्या प्रती, सगळं जोडलं. मार्चच्या शेवटी एक साधं पोस्टकार्ड आलं. त्यात ४,००० येनचं तिकीट घेऊन या, असं होतं. ते तिकीट परवाना मंजूर झाला तरच लागतं.

त्या रात्री सांगलीला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडे अण्णा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला दसऱ्यालाच कळलं होतं. पूर्वी रात्री नऊच्या आत तू कधी फोनवर सापडायची नाहीस. नंतर पहिल्या घंटेला उचलायला लागलीस."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर 'परत ये' म्हणालो असतो. आणि तू आली असतीस."

मला काय बोलावं सुचेना. तेवढ्यात आईने फोन हिसकावून घेतला आणि विचारलं, "नव्या ऑफिसात डबा नेता येतो ना गं?"