व्यायामाच्या दिवशी जास्त खावं का?

वजन कमी करण्यासाठी माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. तीत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढतात आणि एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन हे संप्रेरक बहुतांशी त्या काढलेल्या भागातच तयार होतं. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने मला भूक अशी लागलीच नाही. वाटीभर मुगाचं कढण संपवायला अर्धा तास लागायचा. त्या काळात जास्त खाण्याचा प्रश्नच नव्हता. तो आला सर्जननी वजनं उचलायला परवानगी दिल्यावर, मी तळजाई टेकडीवरच्या चालण्याला जिमची जोड दिली तेव्हा.

मग घरीदारी सल्ले सुरू झाले. आई म्हणायची, “अगं, एवढा घाम गाळून आलीस, अर्धी पोळी तरी जास्त खा.” जिममधला ट्रेनर व्यायामानंतर केळं आणि मोठा ग्लासभर शेक घ्यायला सांगायचा. शस्त्रक्रिया झालेल्यांच्या आमच्या गटात बरोबर उलट सूर होता: वर एक घास घेतला तरी व्यायाम वाया. आईच्या बोलण्यात माया होती, गटातल्यांच्या बोलण्यात वजन पुन्हा वाढण्याची धास्ती होती. दोन्ही मला समजत होतं, पण ताटात काय वाढून घ्यायचं ते ठरत नव्हतं.

आमच्या आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी उलट विचारलं, “दिवसभराचं प्रोटीन पूर्ण होतंय का?” या एका प्रश्नानं माझा सगळा विचार बदलला. वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ते टिकवायचे तर दोन गोष्टी लागतात: स्नायूंना ताण देणारा व्यायाम आणि पुरेसं प्रोटीन. शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे रोज 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन घ्यायला सांगतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, 50 ग्रॅम पनीरमध्ये नऊ-दहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम. लहानशा जठरात हे बसवताना पोळी-भाताला जागा उरतेच किती! म्हणून माझ्या ताटात आधी अंडं, पनीर, मासे किंवा उसळ असते, मग भाजी, आणि शेवटी जमली तर चतकोर भाकरी. हा क्रम व्यायाम असो वा नसो, रोज तोच.

आता कॅलरींचं गणित. तासभर झपाझप चाललं तर अंगकाठीप्रमाणे साधारण 250 ते 300 कॅलरी खर्च होतात. एका वडापावात जवळजवळ तेवढ्याच असतात. मनगटावरचं घड्याळ याहून मोठा आकडा दाखवतं आणि तेवढं खायचा हक्क मिळाला असं वाटू लागतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये अशी सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके त्यांतली बहुतेक उपकरणं बरोबर मोजत होती, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगलं उपकरणही सरासरी 27 टक्क्यांनी चुकत होतं. त्या आकड्यावर जेवण ठरवणं मी बंद केलं. शिवाय लहान झालेलं जठर सगळंच खाणं अडवत नाही. उसळ चार चमच्यांत पोट भरते, पण चिवडा, बिस्किटं, आइस्क्रीम, उसाचा रस सहज उतरत राहतात. व्यायामाचं बक्षीस म्हणून हात त्यांच्याकडेच वळतो आणि वजन तिथूनच परत येतं.

व्यायामाच्या दिवशी खरी अडचण येते ती पाण्याची. दिवसाला किमान दीड ते दोन लिटर पाणी हवं, तेही घोट घोट. आणि जेवताना व नंतर अर्धा तास पाणी चालत नाही. जिममधून आल्यावर तहानही असते आणि पोटही रिकामं असतं. मी आधी हळूहळू पाणी पिते, उन्हाळ्यात त्यात लिंबू आणि चिमूटभर मीठ घालते, साखर घालत नाही. अर्ध्या तासानं अंडं किंवा चक्का खाते. पुष्कळदा भूक वाटते ती तहानच असते. पाणी पिऊन थोडं थांबलं की ती निवते.

पण काही न खाणं हे उत्तर नाही. आमच्या गटातल्या एक ताई वजन वाढेल या भीतीनं सकाळी उपाशीपोटी व्यायाम करून थेट ऑफिसला जायच्या. त्यांना चक्कर येऊ लागली, वजनं उचलवेनात. भूक लागत नाही म्हणून शरीराची गरज संपत नाही, म्हणून शस्त्रक्रियेनंतर घड्याळ लावून खावं लागतं. माझं म्हणाल तर जड व्यायामानंतर खरी भूक दुसऱ्या दिवशी लागते. त्या दिवशी मी संध्याकाळी मूठभर फुटाणे किंवा पनीरचे दोन तुकडे वाढवते. पायथ्याच्या आतकरवाडीकडून सिंहगड चढायचा असेल, म्हणजे दोन-तीन तासांची चाल असेल, तर निघण्याआधी अर्धं केळं आणि उकडलेलं अंडं खाते. वर पोचल्यावर मडक्यातलं दही घेते. पिठलं-भाकरीतलं पिठलं खाते, भाकरीचा तुकडा मोडते. त्या दिवशी जास्त खायलाच हवं, आणि ते मी निर्धास्तपणे खाते.

ज्यांची स्लीव्हऐवजी जठराची बायपास शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी गोड पेयांपासून विशेष जपावं. साखर झपाट्यानं आतड्यात उतरली की धडधड, घाम, जुलाब होतात. मधुमेहाची औषधं चालू असतील तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारणं अत्यावश्यक आहे.

माझ्यापुरता निर्णय असा: रोजच्या तासभराच्या व्यायामासाठी ताट वाढवायचं नाही, प्रोटीन आणि पाणी मात्र एकही दिवस चुकवायचं नाही, दीड-दोन तासांहून लांबलेल्या श्रमांसाठी थोडं आणि आधी ठरवून वाढवायचं. तुमची शस्त्रक्रिया झाली असेल तर आठवडाभर खाणं, पाणी, व्यायाम आणि थकवा वहीत लिहा आणि ती वही घेऊन तुमच्या आहारतज्ज्ञांकडे जा. शेजाऱ्याच्या ताटावरून किंवा मनगटावरच्या आकड्यावरून आपलं जेवण ठरवू नका.