आर्लिंग्टनचा ६४ क्रमांकाचा दगड

पुतण्याकडे अमेरिकेला गेलो होतो. वॉशिंग्टनला जाणारा व्हाइट हाऊस बघतो, आम्हीही लांबून बघितले. पण आम्हाला जायचे होते ते पोटोमॅक नदीपलीकडे, आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत. मेट्रो थेट तिथवर जाते. आत हिरवळीवर पांढऱ्या दगडांच्या रांगाच रांगा. वाटते, इथे तरी सगळे सारखे. पण इथेही काळ्या सैनिकांना वेगळे पुरत. १९४८ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील भेदाभेद बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा कुठे इथला भेद संपला.

सेक्शन २५ मध्ये ६४ क्रमांकाचा दगड शोधत गेलो. तो हेन्री जॉन्सन यांचा.

हा माणूस न्यूयॉर्क राज्यातील अल्बनी शहराच्या रेल्वे स्टेशनवर हमाल होता. आपल्याकडे हमालांचा सदरा लाल, तिकडे टोपी लाल. १९१७ साली तो हार्लेमच्या काळ्या पलटणीत भरती झाला. (हार्लेम ही कोलंबिया विद्यापीठाशेजारची वस्ती, १९१३ ते १९१६ बाबासाहेब तिथेच शिकत होते.) फ्रान्सला नेऊन या पलटणीला आधी मजुरीला जुंपले. काळ्यांनी आपल्या गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून लढावे हे अमेरिकन सेनापतींना नको होते, म्हणून पलटण फ्रेंचांच्या हवाली केली. बंदुकाही फ्रेंचांच्या.

१५ मे १९१८ च्या रात्री आर्गोनच्या भागात जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स पहाऱ्यावर होते. डझनभर किंवा त्याहून जास्त जर्मन चालून आले. रॉबर्ट्स जबर जखमी झाला, जर्मन त्याला ओढून नेऊ लागले. जॉन्सनने हातबॉम्ब फेकले. बंदूक अडकली तेव्हा तिचा दस्ता चालवला आणि शेवटी सुरा. अंगावर २१ जखमा घेऊन सोबत्याला सोडवले. फ्रान्सने त्याला आपले मानाचे शौर्यपदक दिले. फेब्रुवारी १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत तो उघड्या मोटारीत होता. सैन्यभरतीच्या जाहिरातीवर त्याचे चित्रही छापले.

आणि सुटकेच्या कागदावर? जखमांचा उल्लेखच नाही! आमची उमर फायलींत चालली आहे. एक रकाना कोरा राहिला की माणसाचे काय होते, हे आम्ही टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. आपल्या देशाचे एकही शौर्यपदक न मिळता जुलै १९२९ मध्ये जॉन्सन वारला. पुढे कित्येक वर्षे समज असा, की त्याला अल्बनीत बेवारशासारखे पुरले. तो आर्लिंग्टनमध्ये आहे हे एकविसाव्या शतकात उजेडात आले.

अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक ‘मेडल ऑफ ऑनर’ त्याला २ जून २०१५ रोजी, ओबामांच्या हस्ते मिळाले. ते घ्यायला रक्ताचे कोणी नव्हते. न्यूयॉर्कच्या नॅशनल गार्डमधल्या एका सैनिकाने घेतले. २०२३ मध्ये लुईझियानातील लष्करी तळाला त्याचे नाव दिले आणि २०२५ मध्ये काढून पुन्हा ‘पोल्क’ केले. नाव देणे आणि काढणे यात काय असते, हे नामांतराचा लढा पाहिलेल्या आपल्या वाचकांना सांगायला नको.

दगडावरची अक्षरे सोनेरी आहेत. सौभाग्यवतींनी पिशवीतली दोन फुले काढून ठेवली. पुतण्या म्हणाला, “काका, परतीची गाडी.” आम्ही म्हटले, पुढची घेऊ.